नवतप्यातली गिटार, श्रावणातली गिटार

गोंदियात एकच गिटार वर्षभरात दोन निराळी वाद्यं होऊन बसते. मे महिन्यात नवतपा लागतो, पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि तारा फ्रेटला लागून करकरू लागतात. ऑगस्टमध्ये रोवणी आटोपलेली असते, बांध्या पाण्याने भरलेल्या असतात, आणि त्याच तारा इतक्या वर जातात की एफ कॉर्ड धरताना बोटं सोलून निघतात. मधल्या काळात कुणी एक स्क्रूही फिरवलेला नसतो. हे सगळं हवेने केलेलं असतं.

लाकूड हवेतला ओलावा पितं आणि फुगतं. तेही रेषांच्या आडव्या दिशेने, लांबीत जवळपास नाहीच. गिटारची पुढची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. कडा चिकटवलेल्या असल्याने तिला पसरायला वाव नसतो, म्हणून ती पोट काढते. तारा अडकवलेला ब्रिज वर उचलला जातो, त्याच्यासोबत ताराही. उन्हाळ्यात फळी आकसून खाली बसते. मानेचं लाकूडही आकसतं. धातूचे फ्रेट मात्र आकसत नाहीत, आणि त्यांची टोकं बाजूने हाताला टोचू लागतात. प्लायवूडच्या गिटारीत हा खेळ कमी चालतो, अखंड लाकडाच्या गिटारीत जास्त.

आता मान पाहा. स्टीलच्या सहा तारा मिळून साधारण 70 किलोंची ओढ लावतात, म्हणजे धानाच्या पावणेदोन कट्ट्यांएवढी. ती पेलायला मानेच्या पोटात पोलादी दांडी असते, ट्रस रॉड. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना 1923 मध्ये तिचं पेटंट मिळालं. मला खरं नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं: मान अगदी सरळ असून चालत नाही. तार मधोमध सर्वांत रुंद झुलते, म्हणून मानेला तिथे केसभर खड्डा लागतो, नाहीतर तार फ्रेटला लागून करकरते. पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर तार दाबा आणि सातव्यावरची फट बघा. पाव मिलिमीटर पुरे. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. कमी-जास्त असेल तर रॉड एका वेळी पाव फेराच फिरवा आणि पुन्हा सुरात लावून तपासा.

गिटारीत दोष ठरणारा हाच करकराट मिरजेचे कारागीर तंबोऱ्यात मुद्दाम जन्माला घालतात. घोडीचा माथा घासून किंचित गोलसर करायचा, तारेखाली सुती दोरा, म्हणजे जिवा, सरकवायचा; मग तार घोडीला चाटत राहते आणि जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा गुंजारव, खुलते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या हातांच्या हुशारीला मिळालेलं आहे.

गिटारीकडे परत येऊ. बाराव्या फ्रेटवर जाड तार अडीच आणि बारीक तार दोन मिलिमीटर उंच असली की बहुतेकांचा हात सुखावतो. पण हे माप गाठायला श्रावणात सॅडल, म्हणजे ब्रिजवरची हाडाची पट्टी, घासू नका. घासलेलं हाड परत वाढत नाही, आणि पुढच्या मे महिन्यात तारा फ्रेटवर लोळतील. उंच आणि बुटकं अशी दोन सॅडल ठेवा आणि ऋतूप्रमाणे बदला. गिटार कूलरच्या झोतात कधीही टांगू नका: रात्रभर ओली हवा आणि दिवसा कोरडी झळ, हा मार फळीला तडा देऊ शकतो. ती केसमध्ये बंद करून ठेवा.