चंद्रपूर : गोंड राजधानीचे शहर

चंद्रपूर हे महाराष्ट्राच्या पूर्व विदर्भातील जिल्ह्याचे ठिकाण असून इरई आणि झरपट या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले आहे. आज हे शहर कोळशाच्या खाणी, औष्णिक वीजकेंद्र आणि ताडोबाच्या वाघांसाठी सर्वत्र परिचित आहे. ही ओळख मात्र अलीकडची आहे. गोंड राजांच्या एका मोठ्या राज्याची ही दीर्घकाळ राजधानी होती. आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांचा बराचसा वनप्रदेश त्या राज्यात मोडत असे. दगडी परकोट, चार वेशी, महाकालीचे मंदिर आणि राजांच्या समाध्या हे त्या राजधानीचे अवशेष. ते शहराबाहेर वेगळे पडलेले नाहीत. रोजची वाहतूक, बाजार आणि वस्ती त्यांच्या आतून व अंगावरून चालते.

== नाव ==
शहराचे रूढ नाव चांदा. १९६४ च्या सुमारास शासकीय व्यवहारात चंद्रपूर हे नाव आले. वयस्कर माणसांच्या तोंडी आणि खेड्यापाड्यांत ‘चांदा’ अजूनही ऐकू येते. गोंदिया–बल्लारशा मार्गावरील शहराच्या दुसऱ्या रेल्वे स्थानकाचे नाव ‘चांदा फोर्ट’ असेच राहिले आहे. मूळ जिल्हा विस्ताराने फार मोठा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे जुन्या ग्रंथांत ‘चांदा जिल्हा’ असा उल्लेख आला की दोन्ही जिल्हे मिळून होणारा प्रदेश समजावा.

== राजधानीची स्थापना ==
परंपरेनुसार या घराण्याची राजधानी आधी सिरपूर (आता तेलंगणात), नंतर वर्धा नदीकाठचे बल्लारपूर आणि शेवटी चंद्रपूर अशी सरकत आली. नगराची स्थापना खांडक्या बल्लाळशहा या राजाकडे दिली जाते. त्याच्या अंगावर गाठी व फोड होते आणि कोणताही उपाय लागू पडत नव्हता, असे सांगतात. ‘खांडूक’ म्हणजे गळू, हा मराठी अर्थ लक्षात घेता ‘खांडक्या’ हे नाव व्याधीवरूनच पडलेले दिसते. शिकारीच्या नादात तहानेने व्याकूळ झालेला राजा झरपटीच्या कोरड्या पात्रात आला. तेथल्या एका खळग्यातले पाणी तो प्याला, हातपाय धुतले, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे अंग स्वच्छ झालेले राणी हिराईला दिसले. खडकात गाईच्या खुरांसारखे पाच खळगे होते. तेथेच पुढे अचलेश्वराचे मंदिर उभे राहिले. लोकांच्या तोंडी त्याचे ‘अंचलेश्वर’ झाले आहे.

दुसरी कथा परकोटाची आहे. कपाळावर चंद्रासारखा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर कोट बांधावा आणि जेथे तो वळला तेथे बुरूज उभारावेत, असा सल्ला राणीने दिला. शेवटी कुत्र्याने उलटून सशाला मारले. ती जागा नगराला घातक ठरेल, असेही तिने सांगितले, अशी कथा आहे. सशाने कुत्र्याला पळवल्याच्या कथा भारतात अनेक नगरांच्या स्थापनेशी जोडलेल्या आढळतात. त्यामुळे ही कथा इतिहास म्हणून घेता येत नाही. या दोन्ही कथांत एक गोष्ट मात्र समान आहे : निर्णय राणी सुचवते, राजा तो अमलात आणतो. चंद्रपूरच्या पुढच्या इतिहासातही एका राणीचे स्थान मोठे आहे, हे पुढे येईलच.

खांडक्या बल्लाळशहाच्या काळाविषयी एकमत नाही. १८६९ मध्ये मेजर ल्युसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने जमीन महसुलाच्या अहवालात स्थानिक परंपरेवरून राजांची जी यादी दिली, तीत हा राजा तेराव्या शतकात येतो. नंतरचे अभ्यासक त्याला पंधराव्या शतकात ठेवतात. ल्युसी स्मिथची यादी प्रामुख्याने सांगोवांगीवर आधारलेली आहे आणि तिच्यातील काही राजांची कारकीर्द अविश्वसनीय वाटावी इतकी दीर्घ आहे. म्हणून नंतरचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. भक्कम समकालीन आधार मिळतो तो अकबराच्या काळात. ‘ऐने अकबरी’मध्ये बाबाजी या गोंड राजाचा उल्लेख असून त्याच्याजवळ १,००० घोडदळ व ४०,००० पायदळ असल्याचे म्हटले आहे. त्याने वैरागड दुसऱ्या एका प्रमुखाकडून घेतले, तेथे हिऱ्याची खाण आहे, असेही त्यात नोंदले आहे. वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी तालुक्यात असून तेथील किल्ल्याचे अवशेष पाहता येतात.

== परकोट, वेशी आणि खिडक्या ==
नगराभोवतीचा कोट घडीव दगडांचा असून त्याची उंची साधारण १५ ते २० फूट आहे. लांबीचे आकडे मोजणीगणिक नऊ ते अकरा किलोमीटरच्या दरम्यान मिळतात. बांधकाम ‘तेल ठाकूर’ नावाच्या कारभाऱ्यांकडे सोपवले होते, असे परंपरा सांगते. ते एका पिढीत संपले नाही. खांडक्याने आखलेला कोट सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकाळातील धुंड्या रामशहाच्या वेळी पुरा झाला, असे मानले जाते.

कोटाला चार दरवाजे आहेत : उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा. त्यांखेरीज पाच लहान दारे असून त्यांना ‘खिडकी’ म्हणतात : चोर खिडकी, विठोबा खिडकी, हनुमान खिडकी, मसण खिडकी आणि बगड खिडकी. घराच्या खिडकीशी या शब्दाचा संबंध नाही. मोठ्या वेशीखेरीज माणसांना ये-जा करण्यासाठी ठेवलेले छोटे दार, असा त्याचा अर्थ. दरवाजांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे शिल्प कोरलेले आहे. हे गोंड राजांचे राजचिन्ह. वेशीतून जाणाऱ्याने वाहनांच्या गर्दीत क्षणभर थांबून मान वर केली तरच ते दिसते, आणि जटपुरा दरवाजात थांबणे सोपे नाही, कारण शहराचा मुख्य रस्ता आजही त्यातूनच जातो.

कोटाचा उपयोग शत्रूपुरता नव्हता. वर्धा नदीला पूर आला की इरईचे पाणी मागे फुगते आणि शहराच्या सखल भागाकडे सरकते. अशा वेळी दगडी भिंत पाण्यालाही आडवी येत असे. कोटाबाहेर नदीच्या बाजूला वाढलेल्या वस्त्यांना मोठ्या पावसाळ्यात पुराचा पहिला तडाखा बसतो.

== राणी हिराई, महाकाली आणि समाध्या ==
अठराव्या शतकाच्या प्रारंभी राजा बीरशहा मारला गेला. त्याची कथा अशी सांगतात : त्याची मुलगी देवगडच्या राजघराण्यातील दुर्गपालाला दिलेली होती. दुर्गपालाने केलेल्या अपमानामुळे बीरशहाने त्याचे शिर महाकालीला वाहण्याची प्रतिज्ञा केली आणि युद्धात ती पुरी केली. मंदिरावर देवगडच्या दिशेने बसवलेले दगडी शिर दुर्गपालाचे, असे मानतात. पुढे बीरशहाचा स्वतःच्याच विश्वासातील एका रजपुताच्या हातून खून झाला.

त्याची विधवा हिराई हिने चंदनखेडा येथील आप्तांच्या घरातून रामशहाला दत्तक घेऊन त्याच्या नावे कारभार पाहिला. महाकालीचे आजचे मंदिर आणि बीरशहाची समाधी ही तिचीच बांधकामे. स्थापनेच्या कथेतील राणीचे नावही हिराई असल्याने दोघींमध्ये वाचकांचा गोंधळ होतो. दोघींमध्ये काही शतकांचे अंतर आहे. अंचलेश्वर वेशीजवळच्या समाधिस्थळात अनेक राजांच्या समाध्या असून बीरशहाची त्यांत सर्वांत मोठी आहे. रामशहाचे नाव परकोटालगतच्या रामाळा तलावाशी जोडले जाते. शहरातील सांडपाणी आणि इकॉर्निया या जलपर्णीमुळे हा तलाव वारंवार चर्चेत येतो.

महाकालीची यात्रा चैत्रात भरते आणि पौर्णिमेपर्यंत चालते. यात्रेकरू केवळ विदर्भातले नसतात. नांदेड-परभणीकडून तसेच तेलंगणातून मोठ्या संख्येने लोक येतात, झरपटीत स्नान करतात आणि गाणी म्हणत, वाद्ये वाजवत मंदिराकडे जातात. अनेक मराठवाडी घराण्यांत ही वारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. देवीच्या उभ्या मूर्तीखेरीज भुयारात आडवी मूर्ती असून तिचे दर्शन वाकून घ्यावे लागते. चंद्रपूरचा उन्हाळा महाराष्ट्रातील सर्वांत कडक उन्हाळ्यांपैकी एक आहे. झरपटीचे पात्र त्या दिवसांत आटलेले आणि बरेचसे गढूळ असते. ज्या नदीच्या पाण्याने राजा बरा झाला अशी श्रद्धा, त्या नदीत स्वच्छ स्नान घडावे यासाठी दरवर्षी खटपट करावी लागते.

== लालपेठची शिल्पे ==
शहराच्या दक्षिण भागात लालपेठ येथे उघड्यावर प्रचंड एकपाषाणी मूर्ती पडलेल्या आहेत. सर्वांत मोठी सुमारे २६ फूट लांब व १८ फूट रुंद आहे. लोक तिला रावण म्हणतात. प्रत्यक्षात ती अनेक मुखांची दुर्गा आहे. गणपती, नंदी, शिवलिंग अशी इतर शिल्पेही तेथे आहेत. रायप्पा कोमटी नावाच्या धनिकाने शिवमंदिरासाठी ती घडवण्यास घेतली आणि मंदिर उभे राहण्यापूर्वीच तो वारला, असे सांगतात. महाकाली आणि समाध्या पाहून परतणारे बहुतेक पर्यटक येथवर येत नाहीत.

== भोसले आणि इंग्रज ==
१७५१ च्या सुमारास नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी नीळकंठशहाकडून चांदा घेतले आणि गोंड सत्ता संपली. १८१८ च्या युद्धात कर्नल ॲडम्सच्या फौजेने तोफांनी कोटाला खिंडार पाडले. २० मे रोजी शहर पडले आणि किल्लेदार गंगासिंग लढताना मारला गेला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर चांदा थेट इंग्रजांकडे आले.

जुन्या राजवाड्याच्या जागी इंग्रजांच्या काळात कारागृह झाले. तेथेच २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके यांना फाशी देण्यात आली. अहेरी भागातील या तरुण गोंड जमीनदाराने ‘जंगोम दल’ उभारून इंग्रजांशी लढा दिला होता. मृत्यूसमयी ते २५ वर्षांचे होते. २००९ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. त्यांच्या स्मरणदिनी दोन्ही जिल्ह्यांतून आदिवासी बांधव येथे जमतात. याच आवारात गैबीशाह वलींचा दर्गा असून मोहरमच्या दिवसांत कारागृहाचे दार भाविकांसाठी उघडते. त्यांत सर्व धर्मांचे लोक असतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरनंतर १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथे धम्मदीक्षा दिली. त्या जागी दीक्षाभूमी असून दरवर्षी १५ व १६ ऑक्टोबरला तेथे मोठा सोहळा होतो.

== सद्यःस्थिती ==
परकोट, वेशी, समाध्या, महाकाली मंदिर आणि लालपेठची शिल्पे यांचे संरक्षण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. तरीही अनेक वर्षे बुरुजांवर झुडपे माजलेली, भिंतीलगत कचऱ्याचे ढीग आणि दगडांच्या सांध्यांत पिंपळ-वडाची मुळे अशी स्थिती होती. कोटाला टेकून घरेही उभी राहिली आहेत. तेथे राहणारे बहुतेक जण गरीब असल्याने जतनाचा प्रश्न निव्वळ दगडांचा उरत नाही. मार्च २०१७ पासून ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या स्वयंसेवकांनी कोटाची स्वच्छता हाती घेतली. रोज पहाटे काही तास काम करून त्यांनी बुरुजामागून बुरूज मोकळा केला. पंतप्रधानांच्या ‘मन की बात’ या कार्यक्रमातही या कामाचा उल्लेख झाला. बगड खिडकीच्या भागात आता कोटावरून चालत जाता येते आणि तेथून एका बाजूला रामाळा तलाव, दुसऱ्या बाजूला जुने चांदा दिसते. पावसाळ्यानंतर झुडपे पुन्हा उगवतात, त्यामुळे साफसफाई दरवर्षी नव्याने करावी लागते.