वृद्ध स्नायूंतील सुप्त पेशी

पालीच्या अभ्यासकाने स्नायूंविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. निमित्त एका शब्दाचे आहे. संयुत्तनिकायातील इंदकसुत्तात गर्भाच्या अवस्था सांगताना कलल व अब्बुद यांच्यानंतर 'पेसि' येते. तेथे तिचा अर्थ मांसाचा गोळा असा आहे. आजच्या मराठीत मात्र पेशी म्हणजे शरीराचा सूक्ष्म सजीव घटक होय. अशाच एका पेशीच्या अभ्यासाने वार्धक्याविषयीची रूढ समजूत डळमळीत केली आहे.

१९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या स्नायुतंतूंना चिकटून असलेल्या लहान पेशी आढळल्या. त्यांना उपग्रहपेशी हे नाव मिळाले. याच स्नायूंच्या मूलपेशी होत. एरवी त्या सुप्त असतात. इजा झाली म्हणजे जाग्या होतात, विभागतात आणि नवे तंतू घडवितात. वाढत्या वयात ही दुरुस्ती मंदावते. तेव्हा मूलपेशीच झिजल्या असाव्यात, असे कोणासही वाटेल.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मज्जासंस्थेच्या विकारांचे तज्ज्ञ थॉमस रँडो यांनी ही समजूत कसोटीस लावली. इरिना कॉनबॉय व इतर सहकाऱ्यांसह २००३ साली त्यांनी दाखवून दिले की, वृद्ध उंदरांत या पेशी शिल्लक असतात. उणीव असते ती हाकेची. इजेनंतर डेल्टा नावाचे प्रथिन पुरेसे निर्माण होत नाही, म्हणून पेशीवरील नॉच हा ग्राहक चेतविला जात नाही. तो कृत्रिम रीतीने चेतविताच वृद्ध स्नायू भरून येऊ लागला.

२००५ सालचा प्रयोग याहून धीट होता. एक तरुण व एक वृद्ध उंदीर शस्त्रक्रियेने जोडून दोघांचे रक्ताभिसरण एक करण्यात आले. (हे वर्णन वाचताना आमचे मन कचरले, हे कबूल केले पाहिजे.) मग वृद्धाच्या स्नायूला इजा केली असता तो तरुणाप्रमाणे भरून आला. तरुणाच्या पेशींनी तेथे येऊन काम केले असावे, ही शंका रास्तच होती. परंतु खुणा केलेल्या पेशी तपासता काम वृद्धाच्या स्वतःच्या पेशींनीच केल्याचे दिसले. बदलला होता तो भोवतालचा रक्तप्रवाह. याची दुसरी बाजू २००७ साली पुढे आली: वृद्ध रक्तातील घटकांमुळे मूलपेशी स्नायू घडविण्याऐवजी चिवट तंतुमय ऊतींकडे वळतात.

बाजाराने यातून भलताच अर्थ काढला. अमेरिकेत तरुण दात्यांचे रक्तद्रव हजारो डॉलर घेऊन टोचले जाऊ लागले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की, या उपचाराचा लाभ सिद्ध झालेला नाही आणि त्यात धोके आहेत. उंदराच्या प्रयोगावरून माणसाच्या शिरेत सुई खुपसणे हे आमच्या मते शास्त्र नव्हे.

रँडो यांच्याच प्रयोगशाळेतून २०२० साली आलेल्या निष्कर्षाचा मात्र फारसा गाजावाजा झाला नाही. वृद्ध उंदरांच्या पिंजऱ्यात फिरते चाक ठेवले. ते स्वेच्छेने रात्रीला सुमारे ५ किलोमीटर धावले. काही आठवड्यांनी त्यांच्या मूलपेशींतील सायक्लिन डी-१ या प्रथिनाची पातळी पूर्ववत झाली व स्नायूंची दुरुस्ती वेगाने होऊ लागली. तरुण उंदीर तर त्याहून अधिक धावले होते, पण त्यांच्या दुरुस्तीत असा फरक पडला नाही.