श्राव्यातीत ध्वनी, अल्झायमर आणि शुश्रूषेचा हिशेब

जबलपूर शहराची घडण संरक्षण साहित्याच्या कारखान्यांभोवती झाली आहे. गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाचा दारूगोळा कारखाना, व्हेइकल फॅक्टरी यांतून निवृत्त झालेले कामगार व त्यांच्या पत्नी आज वार्धक्यात आहेत. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. निवृत्तिवेतनामुळे हा वर्ग सुरक्षित समजला जातो. मात्र स्मृतिभ्रंशाशी गाठ पडली की ही सुरक्षितता तोकडी ठरते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशातील ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना हा विकार आहे. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण होय.

या रोगात मेंदूमध्ये अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात. ते हटविणारी प्रतिपिंड औषधे उपलब्ध झाली असली, तरी मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी परस्परांस इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की, औषधाचा अत्यल्प अंशच आत पोहोचतो. यालाच रक्त-मेंदू अडसर म्हणतात. संकेंद्रित श्राव्यातीत ध्वनीचा उपयोग येथे होतो. रुग्णाच्या शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडले जातात. डोक्यावरील शिरस्त्राणातून निघणाऱ्या ध्वनिलहरी एमआरआयच्या मार्गदर्शनाखाली एका बिंदूवर एकवटल्या, की तेथील बुडबुडे कंप पावतात व अडसर काही काळ सैल होतो. साधारणतः एक-दोन दिवसांत तो पूर्ववत होतो. कवटी उघडावी लागत नाही.

टोरांटो येथे ५ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात (२०१८) अडसर सुरक्षितपणे उघडता येतो, एवढेच दिसून आले. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने ३ रुग्णांना ध्वनिलहरींच्या जोडीला अ‍ॅड्युकानुमाब हे औषध दिले. लहरी दिलेल्या भागात अमिलॉइड अन्य भागापेक्षा सरासरी ३२ टक्के अधिक घटल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. त्याच महिन्यात उत्पादक कंपनीने ते औषध बाजारातून काढून घेण्याची घोषणा केली!

विद्यार्थ्यांनी येथे एक भेद ध्यानी घ्यावा. अमिलॉइड घटणे आणि स्मृती टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तीन रुग्णांच्या आणि तुलनेचा गट नसलेल्या चाचणीवरून दुसरी गोष्ट सिद्ध होत नाही. हातांच्या कंपविकारासाठी या तंत्राला अमेरिकेत २०१६ पासून मान्यता आहे. अल्झायमरसाठी ते अद्याप प्रायोगिकच आहे.

शिवाय प्रश्न खर्चाचा आहे. लेकानेमाब या औषधाची अमेरिकेतील वार्षिक किंमत २०२३ साली २६,५०० डॉलर ठरविण्यात आली. त्यात यंत्र, एमआरआय व तज्ज्ञ यांचा खर्च मिळविल्यास जबलपूरच्या निवृत्त कामगारास हा उपचार परवडणे नाही. त्या मानाने प्रतिबंध स्वस्त आहे. रक्तदाब, मधुमेह, श्रवणदोष, अल्पशिक्षण अशा १४ घटकांना आळा घातल्यास जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतो वा लांबू शकतो, असे लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये म्हटले आहे. यंत्रांच्या गोंगाटात आयुष्य काढलेल्यांची श्रवणतपासणी तर सहज शक्य आहे.

ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले. परंतु ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची बहुतेक वर्षे घरातच सरतात. त्याला जेवू-खाऊ घालणारी, रात्री दाराला कडी आहे ना हे पाहणारी बहुधा पत्नी, सून वा मुलगी असते. तिने त्यापायी सोडलेली नोकरी राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही तक्त्यात आढळत नाही.