दोन रकान्यांचे पान आणि अंध वाचक

कोशग्रंथांची पाने बहुधा दोन रकान्यांत छापलेली असतात. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांचा ज्ञानकोश हे त्याचे परिचित उदाहरण होय. डोळस वाचक डावा रकाना संपवून उजव्याकडे वळतो. स्कॅन केलेल्या पानावरील मजकूर ओळखणाऱ्या संगणक प्रणालीला मधली मोकळी जागा उमगली नाही, तर ती आडवी ओळ सलग वाचते.

समजा, डावीकडे 'धरणगाव हे जळगाव जिल्ह्यातील / तालुक्याचे ठिकाण' आणि उजवीकडे 'धरमपुरी हे धार जिल्ह्यातील / नर्मदाकाठचे गाव' अशा ओळी आहेत. अंध विद्यार्थ्याला ऐकू येईल : 'धरणगाव हे जळगाव जिल्ह्यातील धरमपुरी हे धार जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण नर्मदाकाठचे गाव.' यात एकही शब्द अशुद्ध नाही. म्हणून शुद्धलेखन तपासूनही दोष सापडत नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र धरमपुरी जळगाव जिल्ह्यात जाते.

यासाठी मजकूर ओळखण्यापूर्वीच प्रत्येक रकान्याभोवती चौकट आखून क्रम द्यावा : आधी डावा, मग उजवा. मध्येच पानभर पसरलेले शीर्षक असल्यास त्याच्या वरचे दोन्ही रकाने, नंतर शीर्षक, नंतर खालचे रकाने घ्यावेत. तयार मजकूर एकाच रकान्यात ठेवावा व ओळीअखेर तुटलेले शब्द जोडावेत. नोंदींची नावे केवळ ठळक न करता शीर्षक-शैलीत द्यावीत, म्हणजे स्क्रीन रीडरने थेट हव्या त्या नोंदीवर जाता येते. मूळ पृष्ठांक राखावेत. संदर्भ देताना ते लागतात.

शेवटी शिक्षकाने डाव्या रकान्याची अखेरची आणि उजव्याची पहिली ओळ सलग ऐकावी. तेथे वाक्य जुळत नसेल, तर पान विद्यार्थ्याच्या हाती देऊ नये.