बारचं बिल आलं तर गप्प बसू नका
इंदिरानगरच्या आमच्या गटांत आम्ही हे वारंवार सांगतो. कार्ड घरात, आणि मोबाईलवर बारमध्ये पैसे कटल्याचा मेसेज आला, तर लाजेपोटी लपवू नका. घरात विचारा. कुणी वापरलं नसेल तर लगेच बँकेला सांगून कार्ड बंद करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. १९३० वरही कळवा.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, चूक आपलीही नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्यानंच पैसे काढले, तर मेसेज आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवल्यास भुर्दंड आपल्यावर नाही. चूक ग्राहकाची आहे, हे बँकेनं सिद्ध करायचं. मात्र पिन किंवा ओटीपी आपणच सांगितला, तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान आपलंच. म्हणून लाजण्यात दिवस घालवू नका.