संमिश्र हंगामानंतर भाजीपाल्याची फेरआखणी

भाजीपाल्याच्या शेतीत सर्वच पिके साधली असे वर्ष क्वचितच येते, आणि सर्वच बुडाली असेही वर्ष सहसा येत नाही. बहुतेक वर्षे मधली असतात. वांग्याने हात दिला, भेंडी केवड्याने गेली. मेथीला भाव मिळाला, कोबीच्या शेतात मात्र मेंढ्या सोडाव्या लागल्या, असा संमिश्र अनुभव लहान बागायतदाराच्या पदरी पडतो. अशा वर्षाच्या अखेरीस घरात जो निर्णय होतो तो पुष्कळदा एका वाक्याचा असतो. जे साधले ते दुप्पट लावावयाचे आणि जे बुडाले ते सोडून द्यावयाचे. वरवर पाहता हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. परंतु पुढील वर्षाच्या नुकसानीची सुरुवात अनेकदा त्यातूनच होते.

पीक बुडणे आणि पीक अयोग्य असणे या दोन भिन्न गोष्टी होत. लावणीची वेळ चुकली असेल, वाण जुना झाला असेल, जमिनीत रोग मुरला असेल किंवा पीक उत्तम येऊनही बाजारात माल फार झाला असेल. या प्रत्येक कारणावरील उपाय वेगळा आहे. ज्या कुटुंबाची अर्धा-एक एकर जमीनच काय ती ओलिताखाली आहे, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ शेतीशास्त्राचा राहत नाही. जून महिन्यात बियाणे, खते आणि मुलांच्या शाळेचा खर्च एकाच वेळी समोर उभा राहतो, आणि तो भागविण्यास उन्हाळी भाजीचा पैसाच हाताशी असतो. तो एकदा हुकला की सावकाराची पायरी चढावी लागते.

आठवण नव्हे, नोंद

फेरआखणीचा पाया म्हणजे सरत्या हंगामाची नोंद. त्यासाठी शंभर पानी शालेय वही पुरेशी आहे. बी टाकल्याची व रोप लावल्याची तारीख, वाणाचे नाव, पहिली तोडणी, रोग प्रथम कोणत्या कोपऱ्यात दिसला, कोणती फवारणी केव्हा केली, आणि प्रत्येक तोडणीचे वजन व मिळालेला भाव एवढे लिहिले तरी काम भागते. बियाण्याच्या पिशवीवरील लेबल व पावती त्याच वहीत चिकटवून ठेवावी. बी सदोष निघाल्यास कृषी विभागाकडे तक्रार करताना हीच कागदपत्रे मागितली जातात.

भावाची आठवण विशेष फसवी असते. हंगामातील सर्वांत चढा भाव प्रत्येकाला तोंडपाठ असतो. त्या भावाने केवळ दोन क्रेट विकले गेले होते, हे मात्र विस्मरणात जाते. हमाली, तोलाई, वाहतूक आणि तोडणीची मजुरी वजा करून गुंठ्यामागे काय उरले, हे काढल्यावर पिकांचा क्रम पुष्कळदा बदलतो. वाजतगाजत विकले गेलेले टोमॅटो खाली जातात आणि कोणी फारसे लक्ष न दिलेली गवार वर येते.

लावणीची वेळ

फुलकोबीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. लवकर येणारे वाण थंडी पडल्यावर उशिरा लावले, तर झाड पुरते वाढण्यापूर्वीच बटणाएवढा गड्डा धरते. याउलट ‘स्नोबॉल’ गटातील उशिरा येणारे वाण पावसाळ्यात लावले, तर पाने माजतात आणि गड्डा धरतच नाही. दोन्ही वेळा दोष बियाण्याला किंवा खताला दिला जातो. वास्तविक वाण आणि महिना यांची सांगड चुकलेली असते, व तेवढी दुरुस्त केल्यास त्याच शेतात तेच पीक साधते.

उन्हाळी टोमॅटोचेही तसेच आहे. दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या वर गेले आणि रात्रीही उकाडा राहिला, की परागकण निकामी होऊन फुले गळतात. फुलोरा एप्रिलच्या उन्हात सापडणार नाही अशा बेताने लावणी अलीकडे ओढणे आणि लावणीपूर्वीच शेताच्या कडेने मक्याच्या दाट ओळी पेरून ठेवणे, हे त्यावरील साधे उपाय आहेत. मक्याच्या आडोशाने उष्ण वारा अडतो. पांढऱ्या माशीलाही काही प्रमाणात अटकाव होतो.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. टोमॅटोच्या फळाच्या बुडाशी पडणारा काळा, खोलगट डाग हा रोग समजून अनेक ठिकाणी बुरशीनाशकाच्या फवारण्या होतात. हा डाग पडतो तो फळाला कॅल्शियम कमी पोहोचल्यामुळे, आणि त्याचे नेहमीचे कारण म्हणजे पाण्याच्या पाळ्यांतील अनियमितपणा. जमीन एकदा तडकेपर्यंत वाळवावयाची आणि मग तुडुंब पाणी सोडावयाचे, हा प्रकार थांबला तर औषधाचा खर्च वाचतो.

वाणाचे आयुष्य

भेंडीवरील केवडा हा विषाणूजन्य रोग असून त्याचा प्रसार पांढरी माशी करते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेली ‘पुसा सावनी’ ही जात एके काळी या रोगाला दाद देत नसे. कालांतराने तिची ती शक्ती संपली. पुढे परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘पुसा सावनी’चा रानभेंडीच्या एका जातीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ हा वाण दिला, आणि बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडून ‘अर्का अनामिका’ आला. या वाणांनी भेंडीची शेती सावरली. तथापि त्यांचीही प्रतिकारशक्ती अनेक भागांत पूर्वीसारखी राहिलेली नाही. वाण वाईट नसतो, विषाणू बदलत असतो. म्हणून केवड्याने भेंडी गेली तर भेंडी सोडण्यापूर्वी वाण बदलून पाहणे, आणि रोगट झाड दिसताच ते उपटून नष्ट करणे, हा पहिला उपाय होय.

नवा वाण आणताना सर्व क्षेत्र त्याच्या हवाली करू नये. जुन्या वाणाशेजारी दोन ओळी लावून एक हंगाम पाहावे. तसेच संकरित वाणाच्या फळांतील बी पुढील वर्षासाठी राखू नये. त्यापासून येणारी झाडे एकसारखी निपजत नाहीत. सुधारित सरळ वाणाचे बी मात्र निरोगी झाडांवरून, योग्य अंतर राखून धरता येते.

जमिनीचा फेरपालट

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते जमिनीकडे. मागील वर्षी मिरची होती, यंदा टोमॅटो आहे, पुढे वांगी लावू. म्हणजे फेरपालट झाली, अशी समजूत सर्वत्र आढळते. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा ही चारही पिके एकाच कुळातील आहेत. जिवाणूजन्य मर रोगाच्या दृष्टीने हा फेरपालट नव्हेच. त्या रोगाला वर्षानुवर्षे घातलेले जेवण होय.

मर कशाने आली हे शेतातच ओळखता येते. हिरवेगार झाड एकाएकी कोमेजले, तर त्याच्या खोडाचा बुडाजवळचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात लोंबता धरावा. कापलेल्या भागातून काही मिनिटांत दुधासारखी धार उतरू लागली, तर ती जिवाणूजन्य मर समजावी. धार निघाली नाही आणि मुळांवर गाठी आढळल्या, तर सूत्रकृमींचा संशय घ्यावा. घेवडा-चवळीच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या उपयुक्त असून बोटाने सहज सुटतात. सूत्रकृमींच्या गाठी म्हणजे मूळच सुजलेले असते. त्या सुटत नाहीत. हा फरक शाळेच्या वर्गात दोन झाडे आणून विद्यार्थ्यांना दाखविण्यासारखा आहे.

मर आढळलेल्या तुकड्यात किमान दोन-तीन वर्षे वरील चार पिके घेऊ नयेत. त्याऐवजी ज्वारीसारखे तृणधान्य किंवा कोबीवर्गीय पीक घ्यावे. सूत्रकृमी असल्यास काकडी, दोडका, भेंडी ही पिकेही त्यांना बळी पडतात. म्हणून तेथे झेंडू लावणे अधिक हिताचे, कारण त्याच्या मुळांतील द्रव्य सूत्रकृमींना मारक ठरते आणि फुले दसरा-दिवाळीला विकली जातात. पिकांचे कूळ ओळखण्यात फसगत होऊ शकते, हेही ध्यानात घ्यावे. मेथी पालेभाजी म्हणून विकली जाते, पण ती आहे शेंगवर्गीय, म्हणजे गवार-वाटाण्याच्या घरातील.

वीस गुंठ्यांच्या मळ्यात चार तुकडे पाडून असा फेर धरणे कागदावर सोपे दिसते. अडचण पाण्याची येते. वरच्या तुकड्यातील रोग पाटाच्या पाण्याबरोबर खाली उतरतो. म्हणून रोगट तुकड्याचे पाणी निरोगी तुकड्यातून जाणार नाही, अशी सरींची दिशा बदलावी लागते. ठिबक सिंचनाने हा प्रश्न पुष्कळसा सुटतो. एप्रिल-मे महिन्यांत ओलावलेल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक कागद चार ते सहा आठवडे घट्ट अंथरून ठेवल्यास उन्हाच्या उष्णतेने वरच्या थरातील बुरशी, सूत्रकृमी आणि तणांचे बी मोठ्या प्रमाणात मरते. सर्व शेतासाठी हा खर्च परवडणार नाही. रोपवाटिकेच्या गादीवाफ्यांसाठी मात्र तो अवश्य करावा.

गेल्या वर्षीच्या भावामागे धावू नये

बाजाराने दिलेला फटका सर्वांत जिव्हारी लागतो आणि त्यावरून घेतलेला निर्णय सर्वांत जास्त चुकतो. २०२३ साली हे राज्याने अनुभवले. त्या वर्षी उन्हाळ्यात टोमॅटोचे भाव पडल्याने अनेकांनी पिकाकडे पाठ फिरविली. त्यातच उष्णता आणि विषाणूजन्य रोगांची भर पडली. परिणामी जुलैमध्ये किरकोळ भाव किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेले. ते पाहून गावोगाव लावण्या झाल्या, आणि सप्टेंबरमध्ये तोडणीची मजुरीही सुटेना म्हणून शेतकऱ्यांवर माल फेकून देण्याची पाळी आली. ज्याने उन्हाळ्यात पीक सोडले तो जुलैत मुकला आणि ज्याने जुलैत लावले तो सप्टेंबरमध्ये बुडाला.

भाव हा मागील निर्णयांचा परिणाम असतो. पुढील हंगामाचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही. त्यापेक्षा आपला माल बाजारात येईल त्या सुमारास आणखी कोठून आवक होते, हे पाहणे उपयुक्त ठरते. नारायणगावच्या बाजारात उन्हाळी टोमॅटोची भर असते, तर नाशिक भागातील खरिपाचा माल पिंपळगाव बसवंतला त्यानंतर उतरू लागतो. ही कोष्टके कोणत्याही बाजार समितीच्या दैनंदिन आवकेवरून तयार करता येतात, आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर ती लावण्यास खर्च येत नाही.

लहान शेतकऱ्याला सर्वांत मोठा आधार टप्प्याटप्प्याच्या लावणीचा आहे. मेथी आणि कोथिंबीर एकदम न पेरता दर दहा-पंधरा दिवसांनी दोन-दोन वाफे पेरल्यास एखादा वाफा मंदीत सापडतो, सगळे सापडत नाहीत.

पाणी, रोपे आणि बी

आखणी कागदावर उतरविण्यापूर्वी विहिरीचा अंदाज घ्यावा. फेब्रुवारीत विहीर किती तास उपसते आणि पुन्हा भरण्यास किती वेळ घेते, हे दोन-तीन दिवस मोजले तर उन्हाळी भाजी किती गुंठ्यांवर झेपेल ते कळते. अनेक उन्हाळी पिके रोगाने नव्हे, मे महिन्यातील शेवटच्या चार पाण्यांवाचून गेलेली असतात.

रोपांच्या बाबतीत गावाने एकत्र येणे फायद्याचे आहे. कीडरोधक जाळीखाली वाढविलेली रोपे पहिले तीन-चार आठवडे पांढऱ्या माशीपासून सुरक्षित राहतात, आणि याच काळात झालेली विषाणूची लागण पुढे सर्वांत महाग पडते. राज्य शासनाने २०२०-२१ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना सुरू केली, ती याच गरजेपोटी. महिला बचत गटांना हे काम चांगले जमते.

राहिली बियाण्याची परीक्षा. ती शिक्षकांनी मे महिन्याच्या सुट्टीपूर्वीच विद्यार्थ्यांना शिकवून ठेवावी. शंभर बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळाव्यात, गोणपाट सावलीत ओलसर ठेवावे आणि उगवलेल्या बिया मोजाव्यात. भेंडीला आठवडा पुरतो, मिरचीला दोन आठवडे द्यावे लागतात. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण टोमॅटो व वांग्यासाठी ७० टक्के, भेंडीसाठी ६५ टक्के आणि मिरचीसाठी ६० टक्के ठरविलेली आहे. परीक्षा मेच्या मध्यास पुरी झाली, तर उगवण कमी आढळल्यास पावती घेऊन दुकानदाराकडे जाण्यासाठी मृगापूर्वी तीन आठवडे हाती राहतात.