आधी कौले, मग रंग

पेडणे तालुक्यातील एका कुटुंबास भेट देण्यास आम्ही गेलो असता घरच्या माउलीने संगणक दाखवून विचारले, "फादर, पडद्यावर रोज सूचना येते. दुकानदार म्हणतो, हा जुना झाला, नवा घ्या. इथे मुलीची कॉलेजची फी भरायची आहे. काय करू?" डिचोलीकडील घरांतूनही हाच प्रश्न आमच्या कानी आला आहे, यास्तव त्याचा येथे थोडा विचार करू.

संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या प्रणालीस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. २०१५ साली निघालेल्या विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. तिच्यानंतरची विंडोज ११ ही २०२१ सालची. तिचे रूप पालटले आहे: स्टार्टचे बटण कोपऱ्यातून मध्यभागी आले, चौकटींचे कोपरे गोल झाले. केवळ एवढ्यासाठी कोणी पदरमोड करू नये. २०१२ साली विंडोज ८ मधून ते बटणच काढून टाकले होते. लोक कुरकुरले आणि दुसऱ्याच वर्षी ते परत ठेवावे लागले.

तथापि दुसरी बाजूही आहे. मृगाआधी आपण कौले परतून घेतो; भिंतींचा रंग मागाहून. संगणकाच्या छपरालाही फटी पडतात, आणि त्यांतून शिरून चोर बँकेचे पासवर्ड व घरची कागदपत्रे लांबवितात. कंपनी दरमहा या फटी बुजवीत असते. देखभाल थांबली तरी यंत्र चालते, परंतु फटी उघड्या राहतात. म्हणून बदल करावा, तो रंगासाठी नव्हे, कौलांसाठी.

प्रथम फोटो, दाखले व हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. नंतर 'पीसी हेल्थ चेक' हा कंपनीचाच मोफत प्रोग्राम चालवून यंत्र पात्र आहे काय ते पाहावे. निदान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा व टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. यंत्र पात्र असल्यास विंडोज १० वरून नव्या प्रणालीवर विनामूल्य जाता येते. न रुचल्यास १० दिवसांच्या आत परतता येते.

यंत्र अपात्र ठरले तरी खरेदीची घाई नको. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरविण्याची सोय कंपनीने जाहीर केली, ती नोंदणी करणारांसाठी. दुसरा मार्ग लिनक्सचा. ही प्रणाली मोफत असून जुन्या यंत्रांवरही चालते. पूर्वी गोव्यातील काही शाळांतही ती वापरली गेली आहे. पत्रलेखन, इंटरनेट व अभ्यास यांस ती पुरेशी आहे. मात्र केवळ विंडोजसाठी केलेले हिशेबाचे प्रोग्राम तिच्यावर सरळ चालत नाहीत, हे आधी पाहावे.

त्या माउलीचे यंत्र अपात्र निघाले. घरात दुकानाचे हिशेब नाहीत. आहे तो मुलीचा अभ्यास. लिनक्स बसवून घ्यावे आणि फी आधी भरावी, असा सल्ला आम्ही दिला.